कातळ चढण्याची विद्या

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्याकडे कोणी वाळवणावर बोलते, कोणी मुलांच्या आजारपणावर, कोणी बचतीवर. मी कडा चढण्यावर बोलणार असे कळल्यावर कित्येकजणी गालात हसल्या असतील. हसावे, माझी हरकत नाही. मी सातवी शिकलेली बाई. माहेरच्या गावात त्यापुढची शाळा नव्हती, म्हणून शिक्षण तिथेच थांबले. तेव्हा पुस्तकी व्याख्यान माझ्याकडून होणार नाही. डोळ्यांनी पाहिले, हातांनी केले आणि विचारून घेतले, तेवढेच सांगणार आहे.

प्रसंग असा आला. माझी थोरली मुलगी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. उत्तरकाशीला नेहरू गिर्यारोहण संस्था आहे, १९६५ साली स्थापन झालेली. तिथे अठ्ठावीस दिवसांचे पहिले शिक्षण मिळते. तिथे जायचे म्हणून मुलीने हट्ट धरला. घरात दोन तट पडले. सासूबाई म्हणाल्या, "पोरीच्या जातीला कड्यावर काय काम? हातपाय मोडून आली तर करून कोण घेईल?" मुलीचे वडील गप्प. नाही म्हणवेना आणि हो म्हणवेना, अशी माझी स्थिती. तेवढ्यात कॉलेजच्या मुलींसाठी डोंगरात दोन दिवसांचे शिबिर ठरले आणि सोबतीला दोन आया हव्यात असा निरोप आला. मी निघाले. माझा जीव ज्या दोरावर टांगणीला लागणार, तो दोर केवढा जाड आहे ते तरी पाहून यावे, एवढाच हेतू होता.

या विद्येला मराठीत प्रस्तरारोहण म्हणतात. शब्द जड आहे, पण गोष्ट जुनी आहे. रायगडाखालच्या हिरकणी गवळणीची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. कोजागिरीच्या रात्री गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हे बाळ, म्हणून ती कड्यावरून खाली उतरली. शिबिरातल्या शिक्षिकाताईंनी या कथेतली एक बाब दाखवली, ती मला आजवर सुचली नव्हती. चढण्यापेक्षा उतरणे अवघड असते. चढताना हाताची पुढची खोबण डोळ्यांसमोर असते. उतरताना पाय खाली चाचपडतात आणि डोळे पायांपाशी नसतात. हिरकणीने केले ते अवघडातले अवघड.

आणि आपण? २०१३ आणि २०१६ चे दुष्काळ आठवा. विहिरींनी तळ गाठला, तेव्हा बाया चिरांच्या कपारीत बोटे घालून खाली उतरत होत्या आणि तळातले पाणी तांब्याने हंड्यात भरत होत्या. माझी धाकटी जाऊ आज इथे बसली आहे. तिला विचारूनच सांगते. २०१६ च्या वैशाखात विहिरीतून वर येताना तिचा पाय शेवाळलेल्या दगडावरून निसटला. दहा-बारा फूट खाली पडली. घोट्याचे हाड मोडले, ते आजही थंडीत दुखते. त्या दिवशी विहिरीवर दोर नव्हता असे नाही. दोर होता, चांगला मजबूत होता. पण तो हंड्याला बांधला होता, बाईला नव्हता. माझ्या आजच्या बोलण्याचे सार एवढ्यातच आहे. कपारी धरण्याचे धाडस आपल्यापाशी आहेच. ते धाडस दोराला बांधून कसे करावे, हे शिकायचे आहे.

आधी कातळ ओळखायला हवा. आपले बालाघाटाचे डोंगर आणि पश्चिमेचा सह्याद्री एकाच काळ्या दगडाचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तापलेला लाव्हा थरांवर थर पसरून थंड झाला, त्याचा हा बेसाल्ट. दोन टणक थरांच्या मध्ये पुष्कळदा मऊ, तांबूस, ठिसूळ थर असतो. घाटातून जाताना तोडलेल्या दरडीत तो पट्टा दिसतो. चढणाऱ्याला धोका त्या पट्ट्यात. म्हणून कोणताही दगड धरण्यापूर्वी तो ठोकून पाहतात. टणक दगड खणखणतो, सुटलेला दगड बद्द वाजतो. मडके घेताना आपण टिचकी मारून पाहतो, त्यातलाच प्रकार. दगडाच्या भेगेला फट, बोटे मावतील अशा जागेला खोबण, अंग मावेल अशा उभ्या चिरेला चिमणी, आणि कातळ डोक्यावर पुढे झुकलेला असेल तर त्याला ओव्हरहँग म्हणतात. सुट्या दगडमातीच्या उताराला घसारा म्हणतात. उंचावर नजर खाली गेली की पोटात गोळा येतो, त्याला या लोकांनी दृष्टिभय असा नेमका शब्द ठेवला आहे. भीतीला नाव मिळाले की ती निम्मी होते, असा माझा अनुभव आहे.

आता साहित्य. पहिला मान दोराचा. हा दोर आपल्या चऱ्हाटासारखा अंबाडीचा किंवा काथ्याचा नसतो, नायलॉनचा असतो. जाडी नऊ ते अकरा मिलिमीटर, म्हणजे करंगळीपेक्षाही बारीक. पहिल्यांदा पाहून माझा धीरच सुटला. पण त्याच्या पोटात शेकडो बारीक धाग्यांचा गाभा असतो आणि वरून विणलेले आवरण. भार गाभा पेलतो, खरचटणे आवरण सोसते. दोराच्या दोन जाती आहेत. एक ताणणारी, ती चढताना वापरतात. दुसरी फारशी न ताणणारी, ती उतरायला आणि सामान ओढायला. चढताना ताणणाराच दोर का? पोहरा सैल सोडून एकदम हिसका बसला की दोर तुटतो किंवा कडी निखळते, हे आपण विहिरीवर पाहिले आहे. माणूस पडला तरी तसाच हिसका बसणार. दोर थोडा लांबला की तो हिसका खाऊन टाकतो आणि कंबरेची हाडे वाचतात.

दोराची निगा आपल्या रेशमी लुगड्यासारखी ठेवावी लागते. त्यावर पाय द्यायचा नाही, कारण तळव्याखालचे खडे आत शिरून धागे कापतात. उन्हात टाकून ठेवायचा नाही. बॅटरीच्या ॲसिडाचा वाससुद्धा लागू द्यायचा नाही. वापराआधी आणि नंतर सगळा दोर बोटांतून काढून पाहायचा. कुठे मऊ, चपटे किंवा फुगलेले लागले तर तो दोर बाद. मोठा हिसका खाल्लेला दोर दिसायला नवा असला तरी चढायला वापरत नाहीत. चांगले लोक प्रत्येक दोराची वही ठेवतात: कधी घेतला, किती वेळा वापरला, कोण पडले.

दुसरे साहित्य हार्नेस. कंबरेचा रुंद पट्टा आणि दोन मांड्यांचे पट्टे एकत्र शिवलेले. पूर्वीचे लोक दोर नुसता कंबरेला बांधत. पडल्यावर तो बरगड्यांखाली आवळे आणि श्वास कोंडे. हार्नेसमुळे भार मांड्यांवर वाटला जातो. पट्टा कंबरेच्या हाडांच्या वर बसला पाहिजे, नाहीतर माणूस उलटा झाला की सटकून निघेल. तिसरी वस्तू कॅराबिनर. ही धातूची लांबट कडी, एका बाजूला आत उघडणारी जिभली. जीव ज्यावर टांगायचा त्या कडीची जिभली आटे फिरवून बंद होणारी हवी. कडीवर तिची ताकद कोरलेली असते, किलोन्यूटन या मापात. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने शंभर किलोंचा भार. लांबीच्या दिशेने वीसच्या खालचा आकडा असेल तर ती कडी घ्यायची नाही. बाजारात किल्ल्या अडकवायला अगदी अशाच दिसणाऱ्या कड्या मिळतात. मुले त्या फसवून घेतात. त्यावर माणसाचा भार कधीही टाकू नये.

चौथे शिरस्त्राण, म्हणजे हेल्मेट. ते पडण्यापेक्षा वरून येणाऱ्या दगडासाठी अधिक. म्हणून खाली उभ्या असणाऱ्यांनीही घातले पाहिजे. बाकी बुटांचे तळ गुळगुळीत, चिकट रबराचे असतात. घामेजलेल्या बोटांना लावायला मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी भुकटी असते. फटीत ठोकायच्या लोखंडी मेखा असतात. मेख चांगली बसत असेल तर हातोड्याच्या घावागणिक तिचा स्वर चढत जातो, आणि पोकळीत जात असेल तर आवाज बसतो. हे काम मात्र जाणत्यांचे. नवशिक्यांनी वरून दोर लावलेला कातळच चढावा. त्यात दोर आधीच वर पक्का केलेला असतो, म्हणून पडले तरी हात-दोन हातांपेक्षा अधिक खाली जात नाही.

गाठींमध्ये एकच आज लक्षात ठेवा, आठाची गाठ. दोराचे टोक आठाच्या आकड्यासारखे वळवून हार्नेसमधून ओवायचे आणि आलेल्या वाटेनेच परत फिरवायचे. दोन दोर शेजारीशेजारी, वेणीच्या पेडांसारखे दिसले तर गाठ बरोबर. ही गाठ भाराने घट्ट होते, आपोआप सुटत नाही, आणि चूक झाली तर दुरून ओळखता येते. गाठ बांधणारीने आपली तपासायची आणि शेजारणीने पुन्हा तपासायची, हा नियम. यात कोणी कोणावर अविश्वास दाखवला असे धरत नाहीत.

आता सगळ्यात मोलाचा शब्द, बिले. चढणाऱ्या बाईचा दोर खालून जी सांभाळते ती बिले देते असे म्हणतात. दोर एका धातूच्या साधनातून वळवून घेतलेला असतो. अवखळ बैलाचा कासरा आपण नुसता हातात धरत नाही, खुंटाला वेढा देऊन धरतो. वेढ्याच्या घर्षणाने बैलाची ताकद खुंट पेलतो. इथेही तसेच. म्हणून पन्नास किलोंची बाई सत्तर किलोंच्या गड्याला सहज अडवू शकते. अट एकच, दोराचे मोकळे टोक धरलेला हात क्षणभरही सुटता कामा नये. माशी बसली, फोन वाजला, कोणी हाक मारली, तरी नाही.

हे सगळे ऐकून झाल्यावर ताईंनी मलाच पुढे बोलावले आणि माझ्याच मुलीचा दोर माझ्या हाती दिला. माझ्यामागे त्यांनी आणखी एकीला तोच दोर धरून उभे केले होते, कारण नवशिक्याच्या हाती कोणाचा जीव एकटा सोपवत नाहीत. मुलीने वरून विचारले, "बिले तयार?" मी म्हणाले, "तयार." ती चढू लागली. वीसेक फुटांवर तिचा पाय सुटला. माझ्या हाताला एक ओढ बसली, पोहरा भरून आल्यावर बसते तेवढीच, आणि ती जागच्या जागी लोंबकळत हसत राहिली. मला मात्र घाम फुटला होता. बायांनो, लेकरू चालायला लागल्यापासून आपण त्याच्या मागे हात पसरून उभ्या असतो. तो हात कुठवर पुरतो, याची काळजी आयुष्यभर असते. त्या दिवशी मला समजले की हात लांब करण्याची रीत माणसांनी शोधून काढली आहे. ती नीट शिकली असेल तर मुलगी वर जाऊ शकते.

चढण्याच्या युक्त्या थोडक्यात सांगते. दोन हात, दोन पाय, यातले तीन नेहमी कातळावर पक्के आणि एकाच वेळी एकच हलवायचा. चढायचे पायांनी, हात फक्त तोल सांभाळायला. शिडी चढताना आपण हातांनी अंग ओढत नाही, पायांनी उचलतो, तसेच. नवशिक्या बाया घाबरून कातळाला पोट चिकटवतात. त्याने पाय दिसत नाहीत आणि ते निसटतात. अंग थोडे दूर, टाचा खाली, हात शक्यतो सरळ, आणि नजर पायांकडे. धापा लागल्या की थांबायचे, दोराला सांगायचे, "घट्ट धर", आणि बसून विसावा घ्यायचा.

दोराने उतरण्याला रॅपलिंग म्हणतात. आठाच्या आकाराच्या कडीतून दोर ओवलेला असतो. मागचा हात कमरेपाशी दोर दाबून धरतो, सैल करील तेवढे खाली सरकायचे. पाय खांद्याइतके फाकवून कातळाला टेकायचे आणि अंग मागे सोडायचे. हे मागे सोडणेच कठीण. मी स्वतः मुलीची सलवार घालून पंचवीस फूट उतरले. पहिल्या पावलाला सगळे देव आठवले, पाचव्या पावलाला खालची बोरीची झाडे दिसू लागली. उतरताना दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. दोराच्या खालच्या टोकाला गाठ मारायची, म्हणजे दोर संपला तरी माणूस खाली निघून जात नाही. आणि वेगळा सुरक्षा दोर बांधल्याशिवाय नवशिक्याने उतरायचे नाही.

आता आपल्यातला नाजूक विषय. अंगठ्या, बांगड्या, गळ्यातले, हे सगळे काढून ठेवावे लागते. अंगठी कपारीत अडकून अंगाचा भार आला तर बोट सोलून निघते. गळ्यातला सर अडकला तर काय होईल ते सांगायला नको. वेणी घट्ट बांधून आत खोचावी, ओढणी घेऊ नये. सैल केस उतरण्याच्या कडीत ओढले गेल्याचे अपघात होतात. मंगळसूत्र काढावे की नाही यावर शिबिरात बराच खल झाला. मी काढून पिशवीत ठेवले. धन्याच्या आयुष्यासाठी ते घालायचे, मग लेकरांच्या आईचा गळा सांभाळण्यासाठी तासभर काढले तर देव रागावेल, असे मला वाटले नाही.

डोंगरात तीन वैरी सांभाळायचे. पहिला सुटा दगड. दगड निसटला की मोठ्याने "दगड!" असे ओरडायचे. खालच्यांनी वर पाहायचे नाही, कातळाला लगटायचे. दुसरा आग्या मोहोळ. कड्यांच्या कपारीत ही मोहोळे असतात. सुवासिक तेल, अत्तर, धूर, आरडाओरडा, सगळे टाळायचे आणि मोहोळ दिसले तर वाट बदलायची. तिसरा पाऊस. आपल्या पाटोदा तालुक्यात सौताड्याला रामेश्वराचा धबधबा आहे, बीडजवळ कपिलधार आहे. पावसाळ्यात तिथे तरुण मुले फोटोसाठी ओल्या, शेवाळलेल्या कातळावर चढतात. जाणते गिर्यारोहक तेच कातळ पाहून मागे फिरतील. धारूरच्या किल्ल्यासारख्या जुन्या तटांवरही चढायचे नाही. चिरे निसटतात, आणि पूर्वजांची ठेव बिघडते ती वेगळी.

बाईच्या जातीला हे जमेल का, या प्रश्नाला जगाने उत्तर देऊन टाकले आहे. जपानच्या जुन्को ताबेई यांनी १९६९ साली बायकांचे गिर्यारोहण मंडळ काढले. लेकराबाळाची आई, घर सांभाळा, असे त्यांनाही ऐकवले गेले. पैसे अपुरे पडले तेव्हा त्यांनी गाडीच्या आसनांच्या जुन्या कापडातून हातमोज्यांवरची आवरणे घरी शिवली. १६ मे १९७५ रोजी त्या एव्हरेस्टवर पोहोचल्या, पोहोचणारी जगातली पहिली स्त्री. घरी तेव्हा लहान मुलगी होती. आपल्या बचेंद्री पाल उत्तरकाशीच्याच संस्थेत शिकल्या आणि २३ मे १९८४ रोजी एव्हरेस्टवर गेल्या. साताऱ्याच्या प्रियांका मोहिते यांनी २०१३ साली एव्हरेस्ट आणि २०२१ साली अन्नपूर्णा शिखर गाठले. कातळ चढण्याची विश्वचषक स्पर्धा २०१६ साली नवी मुंबईत भरली होती. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, हा खेळ प्रथमच आला आणि बायकांमधले पहिले सुवर्णपदक स्लोव्हेनियाच्या यान्या गार्नब्रेत यांनी मिळवले. पॅरिसला २०२४ साली त्यांनी पुन्हा ते मिळवले.

माझ्या मुलीचा अर्ज आम्ही भरला आहे. नंबर लागला तर जाईल. सासूबाईंनी अजून होकार दिलेला नाही, पण परवा त्यांनी जावेच्या घोट्याला तेल लावताना मला विचारले, "त्या पट्ट्याला काय म्हणतात गं, मांड्यांना बांधतात तो?" मी नाव सांगितले. त्यांनी दोनदा म्हणून पाहिले.

शेवटी मंडळापुढे तीन विनंत्या ठेवते. पहिली, मुलगी अशा शिबिराला जायचे म्हणाली तर एकदम नाही म्हणू नका. पाच प्रश्न विचारा: शिकवणारे कुठे शिकले, दोराची वही आहे का, प्रत्येकीला हेल्मेट आहे का, सोबत शिक्षिका आहे का आणि औषधोपचाराची सोय काय. सरळ उत्तर मिळाले तर पाठवा, न मिळाले तर पाठवू नका. दुसरी, दोर आणि कड्या विकत आणून घरच्या घरी प्रयोग कोणी करू देऊ नका. ही विद्या शिकवल्याशिवाय येत नाही.

तिसरी विनंती विहिरींची. दुष्काळ पुन्हा येणार नाही अशी हमी कोणी देत नाही. मंडळाच्या शिलकीतून एक चांगला दोर, दोन हार्नेस आणि दोन हेल्मेट घ्यावीत. जाणत्या माणसाला बोलावून आपल्यातल्या दहाजणींनी ते वापरणे शिकून घ्यावे. विहिरीच्या काठी दोर बांधायला पक्की जागा करून घ्यावी. एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. बरेच दिवस बंद राहिलेल्या विहिरीत हवा दूषित असते. तिथे दोर असला तरी उतरू नये, आणि आत कोणी बेशुद्ध पडले तर त्याच्यामागे उडी घेऊ नये, अग्निशमनवाल्यांना बोलवावे. पण ज्या विहिरीत बाया उतरणारच आहेत, तिथे यापुढे हंड्याआधी बाईला दोर बांधला जावा.